उफराटा प्रोग्राम

माझ्या हाताखालून गेलेल्या उत्तरांपैकी सगळ्यात चांगल्या उत्तराला मी शून्य मार्क दिले आहेत. हे मला पंधरा-सोळा वर्षांनी कळलं. चूक मी एकट्याने केली होती आणि ती कुणी पकडली नव्हती, त्यामुळे ती कबूल करणंही माझ्याच गळ्यात आलं.

मी तालुक्याच्या कॉलेजात संगणक शिकवतो. तेव्हा आमच्या लॅबमध्ये आठ कॉम्प्युटर होते, त्यांतले सहा चालायचे. मुलं नवीन नवीन प्रोग्राम लिहायला शिकत होती आणि दर तासाला कुणीतरी ओरडायचं, "सर, हँग झालो!" मी जाऊन बघायचो. काळ्या पडद्यावर कर्सर लुकलुकत असायचा. आत मोठा हिशोब चालू आहे, की प्रोग्राम स्वतःभोवतीच गरगरतोय, हे बाहेरून कळायचं नाही. "दोन मिनिटं थांब, नाही झालं तर बंद कर," हे माझं ठरलेलं उत्तर होतं. एकदा एकाने विचारलं, "सर, तिसऱ्या मिनिटाला होणार असलं तर?" मी त्याला गप्प बसवलं.

पण तो प्रश्न माझ्या डोक्यात राहिला होता. घरी मी स्वतः एक प्रोग्राम लिहीत होतो. दुसरा कुठलाही प्रोग्राम त्याला वाचायला दिला की त्याने आधीच सांगायचं, हा थांबेल की अडकेल. साध्या प्रोग्रामांना तो बरोबर उत्तर द्यायचा. जरा वाकडा प्रोग्राम आला की चुकायचा. मग मी त्यात आणखी एक नियम घालायचो. असं वर्षभर चाललं होतं. शेवटी अंतर्गत परीक्षेत मी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना दहा मार्कांचा प्रश्न म्हणून हेच घातलं: असा प्रोग्राम कसा लिहाल? खरं सांगायचं तर मुलांकडून एखादी युक्ती मिळाली तर बघावी, असा माझा हेतू होता.

सगळ्यांनी काही ना काही लिहिलं. एका मुलीने लिहिलं की असा प्रोग्राम लिहिताच येणार नाही.

ती वालावलच्या अलीकडच्या एका गावातून एसटीने यायची. तिचे वडील गावच्या देवळात गुरव होते. तिने उत्तर इंग्रजीत सुरू केलं होतं आणि चौथ्या ओळीत ती मराठीत शिरली होती. ते उत्तर आज मला जवळजवळ पाठ आहे. "आमच्या देवळात कौल लावतात," असं तिने लिहिलं होतं. "देवाच्या पाषाणाला दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावतात. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पाकळी पडली की आपल्याला कळतं. पण जोपर्यंत पडली नाही, तोपर्यंत ती अजून पडायची आहे की पडणारच नाही, हे कळत नाही. प्रोग्रामचं तसंच आहे."

इथवर वाचून मी तांबडं पेन उचललं होतं. पुढचं मी वाचलं नाही असं नाही. वाचलं, पण रागाने वाचलं. पुढे तिने लिहिलं होतं: "समजा कुणी म्हणालं, मी आधीच सांगतो. त्याला आपण सांगणारा म्हणू. प्रोग्राम हा पण शेवटी अक्षरांचाच असतो, म्हणून सांगणाऱ्याला कुठलाही प्रोग्राम वाचायला देता येईल. मग मी एक उफराटा प्रोग्राम लिहीन. तो सांगणाऱ्याला स्वतःबद्दलच विचारेल. 'तू थांबशील' असं उत्तर आलं तर तो फिरत राहील. 'तू थांबणार नाहीस' असं आलं तर तो लगेच थांबेल. सांगणारा काहीही म्हणाला तरी खोटा पडेल. म्हणून असा सांगणारा असू शकत नाही."

उफराटो हा आमच्याकडचा शब्द. पाटावर बस म्हटलं की जमिनीवर बसणारा, जेव म्हटलं की उठणारा माणूस. प्रत्येक वाडीत एक असतोच.

मी उत्तरावर आडवी रेघ मारली, दहापैकी शून्य दिले आणि बाजूला लिहिलं, "अंधश्रद्धा." एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पेपर वाटताना मी ते उत्तर वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. कौल आला तिथे मुलं हसली. उफराटो आला तिथे जास्त हसली. "आता आपण सगळे कॉम्प्युटरला पाकळ्या लावू," असं मी म्हणालो.

ती उभी राहिली. एरवी वर्गात ती नीट पुस्तकी मराठीत बोलायची. त्या दिवशी म्हणाली, "सर, खंय चुकला तां दाखवा."

कुठे चुकलं ते मला दाखवता येईना. मी पुन्हा एकदा उत्तरावरून नजर फिरवली आणि म्हणालो, "बस खाली."

तिसऱ्या वर्षाला ती आली नाही. लग्नबिग्न ठरलं असेल, असं मी स्टाफरूममध्ये म्हणालो होतो.

कौलावर माझा राग का होता, तेही सांगतो. बारावीनंतर पुण्याला इंजिनिअरिंगला माझा नंबर लागला होता. पाठवावं की नाही हे वडिलांना ठरवेना. ते आमच्या गावच्या देवळात गेले. डावी पाकळी पडली. मी इथेच राहिलो, इथेच बीएस्सी केलं. वडिलांना मी कधी काही बोललो नाही. ते वारले. मग एका परक्या गावच्या मुलीने देवळातली पाकळी माझ्या विषयात आणून ठेवली, आणि इतक्या वर्षांचं सगळं मी तिच्यावर काढलं.

गेल्या वर्षी अभ्यासक्रम बदलला. संगणकाला काय करता येतं आणि काय येत नाही, याचा एक अख्खा पेपर आला आणि तो माझ्या वाट्याला आला. मी तो विषय कधी शिकलोच नव्हतो. देवगडला परीक्षेच्या कामाला गेलो होतो, तिथून परतताना तळेऱ्याला गाडी बदलायची होती. हायवेवर ऊन तापलं होतं. स्टँडच्या बाकावर बसून मी नवीन पुस्तक उघडलं.

त्यात एक यंत्र होतं. कॉम्प्युटर जन्माला यायच्या आधी एका इंग्रज तरुणाने ते नुसतं मनात कल्पिलं होतं, आज ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. काय होतं त्यात? कागदाची कधी न संपणारी पट्टी, पट्टीवर चौकोन. एका वेळी एकच चौकोन बघणारं एक टोक. चौकोनात खूण असेल तर ती ठेवायची किंवा पुसायची, नसेल तर करायची, मग एक घर उजवीकडे किंवा डावीकडे सरकायचं. कधी काय करायचं याची एक छोटी यादी. बस, एवढंच. आमच्याकडची पोरं अंगणात खडूने घरं आखून लंगडी घालतात, त्याहून यात जास्त काही नाही. आणि पुस्तक म्हणत होतं की जगातला कुठलाही कॉम्प्युटर जे करू शकतो ते हे गरीब यंत्र करू शकतं. वेळ लागेल, पण करेल. माझ्या खिशातला फोन, बँकेतली यंत्रं, उपग्रह सोडणारी यंत्रं, सगळी त्या एका पट्टीवर मावतात.

मी पुस्तक मिटलं. वीस वर्षं मी कॉम्प्युटर शिकवत होतो, आणि कॉम्प्युटर म्हणजे काय ते मला त्या बाकावर पहिल्यांदा दिसलं.

मग पुढचं पान उलटलं. तिथे लिहिलं होतं की या यंत्राला एक गोष्ट कधीच करता येणार नाही. दुसरं यंत्र थांबेल की फिरत राहील, हे प्रत्येक वेळी बरोबर सांगणं. आज येत नाही, उद्या मोठं यंत्र आलं की येईल, असं नव्हे. कधीच नाही. कारण सांगितलं होतं ते असं: समजा, सांगणारं यंत्र आहे. मग त्याच्या उलट वागणारं एक यंत्र बनवा आणि त्याला स्वतःबद्दलच विचारायला लावा.

विजयदुर्गची गाडी लागली, गेली. कुडाळची माझी गाडी आली. कंडक्टर ओळखीचा होता. "सर, येतास मा?" तो दारातून ओरडला. मी हात हलवून त्याला जायला सांगितलं. मला उठवेना.

उफराटो माझ्यासमोर छापलेला होता. त्याचं नाव वेगळं होतं, भाषा वेगळी होती, पण वळणन् वळण तेच. गणिताने आपल्याच गावाची शीव आपणच आखून दाखवली होती, इथून पुढे आपलं चालत नाही म्हणून. या गोष्टीने मी इतका थक्क झालो होतो की लाज वाटायलाही वेळ लागला. जगातल्या मोठ्या डोक्यांनी जे शोधलं, तिथे ती मुलगी देवळाच्या पायरीवर बसून, पाकळीकडे बघत बघत पोचली होती. कुणी शिकवलं नव्हतं. शिकवायला मी होतो, आणि मला येत नव्हतं.

त्यानंतर महिनाभर मी काही केलं नाही. रोज ठरवायचो, आज जाऊ, आणि कॉलेजातून सरळ घरी यायचो. शेवटी मे महिन्यात गेलो. तिच्या गावात विचारलं तर कळलं, तिरफळाच्या झाडाखालच्या गाळ्यात ती दाखल्यांचं केंद्र चालवते. उत्पन्नाचे, जातीचे दाखले, सातबारा, सगळे फॉर्म ती भरून देते.

गाळ्यात तीन माणसं बसली होती. टेबलामागे ती. पडद्यावर एक गोल चक्र फिरत होतं.

"गो, थांबला काय फिरताहा?" एका म्हाताऱ्याने विचारलं.

"फिरताहा, आजोबानू."

"थांबात मा?"

"तां माका आधी कळला असता तर मी हयसर कित्याक बसलंय असतंय?"

सगळे हसले. मी दारातच उभा राहिलो. तिने वर बघितलं आणि लगेच ओळखलं.

"सर? बसा. दाखलो व्हयो काय?"

मी म्हणालो, "नको. तुला एक सांगायचंय." लोक जाईपर्यंत थांबावं असा विचार होता. मग वाटलं, तेव्हा मी लोक जाईपर्यंत थांबलो नव्हतो. सगळ्यांसमोर म्हणालो, "दुसऱ्या वर्षाला तू एक उत्तर लिहिलं होतंस. कौलाचं. ते बरोबर होतं. मी चुकलो होतो."

ती पडद्याकडेच बघत होती. चक्र फिरत होतं. मला वाटलं ती विसरली असेल, आणि खरं सांगतो, क्षणभर मला तसंच हवं होतं.

"माका म्हायत आसा," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"मोबाइल इलो तेव्हा शोधून बघितलंय. पण तेच्या आदी दोन वर्सां चूक शोधी होतंय, सर. एसटीत, घराक, कोंबडे कोंडताना. खंय चुकला, खंय चुकला. गावना नाय. आणि गावली नाय म्हणान चूक नायच, असा कसा म्हणतलंय? कदाचित पुढच्या ओळीत असात. तुमी शून्य दिलास म्हणजे खंयतरी असतलीच मा?"

मला वाटत होतं मी तिचे दहा मार्क घेतले. प्रत्यक्षात मी तिला एक अशी वस्तू शोधायला लावली होती, जी नव्हतीच. नसलेली वस्तू शोधणाऱ्याला कधी थांबायचं हे कोण सांगणार? हे तर तिनेच मला लिहून दिलं होतं.

"माफ कर," मी म्हणालो.

"माजा ऱ्हवांदे," ती म्हणाली. आता तिने माझ्याकडे बघितलं. "तो पेपर बाबांनी वाचल्यानी. इंग्रजी तेंका येय नाय, पण तो तांबडो शब्द मराठीत होतो. तेंका जावन सांगा."

मागून म्हातारा म्हणाला, "मास्तर, घर वरच्या अंगाक. कुत्रो भुकतलो, पण चावाचो नाय."

गुरवबाबा अंगणात कोकमासाठी रातांबे फोडत बसले होते. हात कोपरापर्यंत लाल. कुत्रा भुंकला, चावला नाही. मी कोण ते सांगितलं. त्यांनी हातातलं फळ खाली ठेवलं नाही.

"बसा, मास्तरानू. तुमीच काय ते."

मी सांगितलं. जे तिने लिहिलं होतं ते सगळं जगभर पुस्तकांत छापलेलं आहे, तिला ते कुणी न शिकवता सुचलं होतं, आणि मला कळलं नाही म्हणून मी त्यावर रेघ मारली.

"आणि तो शब्द?"

"तोही चुकला."

"अंध म्हणजे आंधळो मा?" ते म्हणाले. "मी लय इचार केलंय तेचो. मास्तरानू, मी डोळे मिटलंय तर पाकळी माका दिसतली कशी? सबंद वेळ बघित तर ऱ्हवचा लागता." आणि ते हसले. मी हसू शकलो नाही.

मग त्यांनी ते उत्तर पुन्हा सांगायला लावलं. मी उफराट्यापाशी अडखळलो. दोनदा मागे गेलो. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे सगळा आधी सांगणारो कोण नाय?"

"यंत्रांत तरी कुणीच नाही."

"बरा झाला," ते म्हणाले. "तसो कोण असतो तर आमी देवाक इचारलंव कित्याक असतंव?"

मला एक विचारायचंच होतं. "बाबा, पाकळी पडलीच नाही तर तुम्ही काय करता?"

"वाट बघतंव. लय येळ झालो की म्हणतंय, आज जावा, उद्या येवा. लोकांका घराक जावचा असता. गुरां असतत. देव थांबात, गुरां थांबाची नाय."

लॅबमध्ये "दोन मिनिटं थांब" म्हणताना मी शिकवायला कमी पडतोय असं मला नेहमी वाटायचं. इथे एक माणूस तेच सांगत होता, आणि त्यात त्याला काही कमीपणा वाटत नव्हता. कळायचा मार्ग नाही हे पक्कं माहीत असताना किती थांबायचं ते माणसानेच ठरवायचं असतं, हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. त्या अंगणात, फुटलेल्या रातांब्यांच्या आंबट वासात, मला तळेऱ्याच्या बाकाइतकंच लहान आणि थक्क झाल्यासारखं वाटलं.

निघताना मी म्हणालो, "तुमची आणि तिची माफी मागतो."

त्यांनी एक रातांबा फोडला, बी वेगळी केली.

"माका सांगितलास, बरा केलास," ते म्हणाले. "पण तेव्हा वर्गात वाचून दाखयलास मा?"

"हो."

"मगे वर्गात सांगा."

"ती मुलं आता कुठे सापडणार, बाबा?"

"पोरां बदालतत. वर्ग तोच मा? मास्तर पण तोच."

जुलैत कॉलेज सुरू झालं. नवीन पेपरात तो भाग दिवाळीनंतर येतो, पण मी पहिल्याच आठवड्यात घेतला. फळ्यावर पट्टी काढली, चौकोन काढले. मग पुस्तक बाजूला ठेवलं आणि तिचं उत्तर तिच्याच शब्दांत सांगितलं, पाषाण, पाकळी आणि उफराट्यासकट. आपल्याच कॉलेजातल्या मुलीने लिहिलेलं, असंही सांगितलं. उफराटो आला तेव्हा मुलं हसली, पण या वेळी त्यांना तो कळला म्हणून हसली. सांगणारा खोटा पडला त्या क्षणी दोघीतिघी फळ्याकडे बघत होत्या, जणू तिथे अजून काहीतरी उमटणार आहे. ते तोंड मी ओळखलं. तळेऱ्याला माझंही तसंच झालं असणार.

मागच्या बाकावरून एकीने विचारलं, "सर, मग त्यांना दहापैकी दहा?"

"शून्य," मी म्हणालो. "मी दिले."

त्यांना तो विनोद वाटला. थोडे हसले, आणि माझ्याकडे बघून थांबले.

"पण का, सर?"

"कारण मला ते कळलं नव्हतं," मी म्हणालो, "आणि कळलं नाही असं म्हणायची मला लाज वाटली."